‘बघू’चा कौल

मधलीने केकचा खोका टेबलावर ठेवला आणि ती म्हणाली, "सगळ्यांचं तेच म्हणणं आहे, आई." तिथेच तिचे चुकले.

"सगळे म्हणजे कोण?" मोठीआईंनी विचारले.

तिन्ही मुलांतली ही मधली लेक, लग्न होऊन स्वतःच्या संसारात चांगली मुरलेली. पण या प्रश्नासरशी तिचा चेहरा गृहपाठ न केलेल्या मुलीसारखा झाला. ज्या घराने लोकांचे मत विचारण्याचा धंदा दोन पिढ्या केला, त्या घरात ‘सगळे’ हा शब्द इतक्या सैलपणे तोंडातून काढायचा नसतो, हे तिला लहानपणापासून ठाऊक होते. याच प्रश्नावर मोठीआईंनी भल्याभल्या संपादकांना घाम फोडला होता. ‘सगळी जनता माझ्या पाठीशी आहे’ असे म्हणणाऱ्या एका मंत्र्याला त्यांनी भर सभेत विचारले होते, "त्यांतले पगारी किती, ते वगळून सांगता का?"

"किती जणांना विचारलंस? कोणत्या शब्दांत? आणि विचारताना तुझा नवरा खोलीत होता की नव्हता?"

"अगं, मी काय पाहणी केली का? घरातल्या घरात आपलं बोलणं झालं. आणि आई, गेल्या रविवारी तू स्वतःच जेव्हा—"

"गेल्या रविवारचं मला सांगू नकोस. आजचं बोल. तू माझ्या बाजूने आहेस ना?"

मधलीने केकच्या खोक्याची दोरी बोटाला गुंडाळली, उलगडली, पुन्हा गुंडाळली.

"बघू ना, आई," ती म्हणाली, आणि ताटे काढण्याच्या निमित्ताने आत सटकली.

मोठीआई खुर्चीत ताठ बसून राहिल्या. ‘बघू’! आणि तेही त्यांच्या पोटच्या पोरीच्या तोंडून!

‘बघू’ म्हणजे काय, हे मोठीआईंना शिकवण्याची कोणाची प्राज्ञा नव्हती. त्यांनी आणि त्यांच्या दिवंगत यजमानांनी, म्हणजे घरादाराच्या नानांनी, ‘कौल’ ही संस्था काढली, तेव्हा दोघांनी दारोदार हिंडून एकच मोठा शोध लावला होता. माणूस दारात उभ्या असलेल्या परक्याला तोंडावर ‘नाही’ म्हणत नाही. त्याला तेवढा मुर्दाडपणा साधत नाही. तो ‘बघू’ म्हणतो. ‘बघू’ म्हणजे ‘नाही’च, फक्त चपला बाहेर काढून, अदबीने आत आलेले. हा संस्थेचा पहिला नियम होता आणि गेल्या निवडणुकीत त्यानेच संस्थेचे नाव शहरभर केले. बाकी सर्व संस्थांनी ‘बघू’ म्हणणाऱ्या मतदारांना ‘अजून न ठरलेले’ या रकान्यात बसवले, दोन्ही उमेदवारांत सारखे वाटून दिले आणि जुने नगराध्यक्षच पुन्हा येणार असे छापून मोकळ्या झाल्या. एकट्या ‘कौल’ने ते सारे ‘बघू’ उचलून ‘नाही’त टाकले. नगराध्यक्ष असे काही आपटले, की त्यांच्या मिरवणुकीसाठी सांगितलेला बँड शेवटी नव्या नगराध्यक्षांच्या दारात जाऊन वाजला.

घरची गंमत अशी, की त्या पडलेल्या नगराध्यक्षांच्या प्रचाराचे काम मधलीच्या नवऱ्याकडे होते. जावईबापूंची जाहिरातीची कंपनी. ‘पुन्हा तेच, कारण तेच बरे!’ ही घोषणा त्यांचीच. भिंतीभिंतींवर ती रंगवली गेली, आणि निकालानंतर पोरांनी तिच्यातला ‘बरे’ खोडून तिथे काय काय लिहिले, ते या पानावर लिहिण्यासारखे नाही. पण जावईबापू खचणारे गृहस्थ नव्हते. गेल्या रविवारी जेवताना त्यांनी नवीन फुगा हवेत सोडला होता: त्यांची कंपनी आणि ‘कौल’ एकत्र कराव्यात. मत घडवणारे आणि मत मोजणारे एकाच छपराखाली!

मोठीआईंना ते बोलणे वाऱ्यावर विरून गेले असे वाटले होते. पण आठवडाभरात ते घरात असे पसरले, की आज जेवणानंतर संस्थेच्या पाच मालकांनी मत द्यायचे असे ठरूनही गेले. मोठीआई, थोरला मुलगा, थोरली सून, मधली आणि धाकटा: पाच मते. ज्याने स्वयंपाक केला, त्यानेच जेवणाऱ्यांच्या वतीने चव सांगायची, असला हा एकत्रीकरणाचा प्रकार होता. तसे झाले तर ‘कौल’च्या आकड्यावर कोण काळे कुत्रे विश्वास ठेवणार? आणि तसे होऊ दिले नाही, तर मधली आणि तिचा नवरा या उंबऱ्यावर पुन्हा कोणत्या तोंडाने येणार? संस्था जाते की लेक जाते, एवढाच प्रश्न होता; आणि दोन्ही मोठीआईंनी स्वतःच्या हातांनी वाढवली होती.

जिन्यात धाडधाड आवाज झाला. जावईबापू आले. त्यांच्या आधी, दारातून तिरपी होत, चादरीत गुंडाळलेली एक भली थोरली फळी आली.

"नमस्कार, आई! फळीकडे बघू नका, ती आश्चर्य आहे."

"चादर माझी आहे," मोठीआई म्हणाल्या.

"म्हणूनच घेतली. नव्या पाटीवर तुमची सावली असावी, ही भावना."

"पाटी? मत अजून दिलेलं नाही, जावईबापू."

"हो, पण वातावरण आहे ना!" जावईबापूंनी फळी भिंतीला टेकवली आणि हात झटकले. "वातावरण म्हणजे अर्धा विजय. आणि या खेपेला तर वातावरण तयार करायला मला काही करावंच लागलं नाही. आपोआप! आई, तुमचा मी आयुष्यभर—"

"हात धुऊन घ्या," मोठीआई म्हणाल्या आणि काठी घेऊन उठल्या.

लोकांना वाटेल, वय झालेल्या बाईने निमूट बसून राहावे. पण क्षेत्रपाहणी दुसऱ्यावर सोपवण्याची मोठीआईंना सवय नव्हती. त्या जिना उतरून खाली कचेरीत गेल्या.

कचेरीच्या दारावर नानांच्या वेळची पाटी अजून होती. तिचीही एक कथा होती. नानांनी रंगाऱ्याला सांगितले, "‘कौल’ अशी पाटी कर, आणि शोभेसं एखादं चित्र काढ." रंगाऱ्याने अक्षरे सुरेख काढली आणि शेजारी छपराचे एक लालभडक कौल रंगवले. पहिल्याच आठवड्यात घरे बांधणारे लोक भाव विचारायला येऊ लागले. मोठीआई पाटी पुसायला निघाल्या, पण नानांनी त्यांचा हात धरला. म्हणाले, "अगं, लोक स्वतःहून दारात येताहेत, हाकलतेस कशाला?" मग जो कौलांचा भाव विचारी, त्याला नाना आधी खुर्ची देत, पाणी देत, आणि तो येत्या निवडणुकीत कोणाला मत देणार हे विचारून घेत. ‘कौल’चा पहिला नमुना असा छपरे गळणाऱ्या लोकांचा झाला आणि त्यावरून नानांनी सरकार पडणार हे बरोबर सांगितले.

आत टेलिफोनची रांग आज रविवार म्हणून गप्प होती. थोरला एकटाच हेडफोनच्या वायरींचा गुंता सोडवीत बसला होता. बहिणीने त्याचे नाव सरासरी ठेवले होते. कारण कोणत्याही दोन माणसांच्या भांडणात तो बरोबर मधोमध सापडे.

"सरासरी, तू माझ्या बाजूने आहेस ना?"

"आई, तसं पाहिलं तर दोन्ही बाजूंना काही—"

"दोन्ही बाजूंना काय आहे ते मला माहीत आहे. एका बाजूला मी आहे."

हातातला गुंता थोरल्याने आणखी पक्का केला.

"मग... बघू, आई."

दोन झाले. मोठीआईंनी मान ताठ ठेवली आणि त्या स्वयंपाकघराच्या मागच्या जिन्याने वर गेल्या. थोरली सून सूप ढवळीत होती. संस्थेचे सर्व प्रश्न तीच लिही. कोणताही प्रश्न ती असा चाळणीतून काढी, की विचारणाऱ्याचा रंग त्याला लागू नये. मोठीआईंनी घरातल्या फार थोड्या माणसांची पारख मनोमन वरच्या श्रेणीत केली होती. त्यांत ती होती. हे तिला सांगायचे मात्र राहून गेले होते.

"तू माझ्या बाजूने आहेस ना?"

"आई, आधी त्यातला ‘ना’ काढा," सून पळी न थांबवता म्हणाली. "‘ना’ लावला की निम्मं उत्तर विचारणाऱ्याच्याच तोंडात असतं."

"काढला. माझ्या बाजूने आहेस?"

"आणि दुसरं, बाजू म्हणजे नक्की कोणती हे प्रश्नातच—"

"शब्दांचा कीस नको काढूस. सोपं विचारतेय, सोपं सांग."

सुनेने झाकण ठेवले, पदराला हात पुसले, सासूकडे पाहिले आणि नजर खाली घेतली.

"बघू, आई."

धाकटा माळ्यावरच्या जिन्यात बसून केकवरचे क्रीम बोटाने चाटीत होता. खोका मधलीने उघडायच्या आधीच त्याने तो मागून उघडला होता. या वयातही.

"बस, बस, लपवू नकोस. पुरावा मिशांवर आहे," मोठीआई म्हणाल्या. "घरात एकत्रीकरणाचं वारं आहे म्हणतात. खरं?"

"प्रचंड! लाट आहे लाट."

"तुला कोणी सांगितलं?"

"ताईने."

"तिला?"

"दादाने सांगितलं म्हणे."

"आणि दादाला?"

"वहिनी बोलली असेल. ते दोघं एकाच खोलीत राहतात."

"सुनेला कोणी सांगितलं?"

धाकटा थबकला. बोट तोंडातच राहिले. "वहिनीला... वहिनीला मीच सांगितलं की गं!"

एरवी मोठीआई यावर पोट धरून हसल्या असत्या. एक मत चार माणसांच्या हातून फिरून पुन्हा पहिल्याच माणसाच्या खिशात येते आणि त्याला ‘लाट’ म्हणतात, यावर त्यांनी तीन भाषणे दिलेली होती. पण आज त्यांचे लक्ष मोजण्यात होते.

"ते राहू दे. तू माझ्या बाजूने आहेस ना?"

"मी? मी कायमच तुझ्या बाजूने, तुला माहितेय." धाकट्याने खालचा ओठ चावला. "पण या खेपेला आई... बघू गं."

चार माणसे, चार ‘बघू’. रकाना भरला.

आपल्या खोलीत येऊन मोठीआईंनी दार लोटले. रागाचा पहिला भर ओसरला, तेव्हा त्यांना एक विलक्षण गोष्ट जाणवली. कोणी त्यांच्याशी भांडले नव्हते. कोणी आवाज चढवला नव्हता. परक्या बाईला दारातून परत लावावे, तसे चौघांनी त्यांना अदबीने परत लावले होते. आयुष्यभर त्या पुढाऱ्यांना सांगत आल्या होत्या, की आकडा विरुद्ध गेला म्हणून आकड्यावर रुसू नका. लोक विकले गेले, भुलले, मूर्ख आहेत, असले रडगाणे गाऊ नका. उठा, आणि हरलात हे आधी तुम्ही सांगा. आता स्वतःच्या घरचा आकडा विरुद्ध गेल्यावर त्या कोणत्या तोंडाने रुसणार?

आणि एक होते. चौघांच्या विरोधात एकटीचे ‘नाही’ पेटीतून निघाले, तर ते कोणाचे हे सांगायला ज्योतिषी नको. मग मधली आपल्या नवऱ्याकडे बघणार, नवरा पाटीकडे बघणार, आणि जेवणे कायमची वेगळी होणार. संस्था गेली तर पुन्हा दारोदार हिंडून काढता येते. ते त्यांनी एकदा करून दाखवले होते.

मोठीआईंनी पदर नीट केला. हरायचेच तर ते पहिल्या प्रतीचे हरणे हवे.

जेवण झाले ते कोणाच्या लक्षात राहिले नाही. सूप संपले की नाही याविषयीही नंतर दोन मते पडली. मग मोठीआईंनी काठी आपटली. "गुप्त मतदान. अधिकारी: नमुना."

नमुना म्हणजे थोरल्याची मुलगी. हे नाव नानांनी ठेवलेले. ‘लहान आहे, पण यात सगळं घर आलंय,’ असे ते म्हणत. आणि घरातले बाकीचे लोक तोच शब्द वेगळ्या अर्थाने वापरत. आता ती कॉलेज संपवून कचेरीत फोनवरच्या मुलींचे काम पाहत होती आणि अंगात मतदान अधिकारी आधीपासूनच होता.

"मोबाइल टेबलावर," नमुना म्हणाली. "प्रचार बंद. आतोबा, तुम्ही मतदारांपासून लांब बसा, त्या कपाटापाशी."

"मी काही बोलत नाहीये!" जावईबापू म्हणाले.

"तुमच्या भुवया प्रचार करताहेत."

मतपेटी म्हणून बिस्किटांचा पत्र्याचा डबा आला. त्याला फट पाडताना धाकट्याने सुरी मोडली. मग प्रश्न काय लिहायचा यावर जुंपली.

"‘एकत्रीकरण व्हावे का?’" थोरला म्हणाला.

"‘व्हावे’त इच्छा आली," त्याची बायको म्हणाली. "‘करावे का’ म्हण."

"‘करावे’त कर्ता कोण?" मधली. "आम्ही करणार की तुम्ही?"

"अगं, आम्ही-तुम्ही कुठून आलं यात?"

"हेच तर! तूच काढलंस!"

"‘दोन संस्थांच्या सुंदर मिलनास आपला आशीर्वाद—’" कपाटापाशी आवाज झाला.

"आतोबा, बाहेर काढीन!"

शेवटी नमुनाने फर्मावले, की चिठ्ठ्या कोऱ्या राहतील. जावईबापूंच्या प्रस्तावाविषयी ज्याला जे म्हणायचे ते त्याने एका शब्दात लिहावे. पडद्यामागे नानांचे शाईचे पेन ठेवले. सर्वांनी त्याच पेनाने लिहायचे, म्हणजे शाईवरून ओळख नको. एकेकजण पडद्याआड गेला. थोरला इतका वेळ लावून आला की धाकट्याने बाहेरून विचारले, "दादा, निबंध आहे का?" मतदान करून आलेल्याच्या बोटाला नमुना शिक्क्याची शाई लावी. उत्साहाच्या भरात जावईबापूंनीही बोट पुढे केले.

"तुम्हाला मत नाही, आतोबा."

"मत नसू दे. नुसती शाई लाव. बरं वाटतं."

मोठीआई सर्वांत शेवटी गेल्या. पडद्यामागे त्यांनी पेन उचलले, नानांना मनात म्हणाल्या, ‘हसू नका,’ आणि ठाशीव अक्षरात ‘हो’ लिहिले. मग, आयुष्यात कधी कोणतेही वाक्य त्यांनी उघडे सोडले नव्हते म्हणून, हातासरशी पुढे पूर्णविराम दिला.

नमुनाने डबा उघडला. जावईबापू कपाटापासून चोरपावलांनी चादरीपर्यंत पोचले होते.

पहिली चिठ्ठी. नमुनाने ती उलगडली, पाहिली, उलटी करून पाहिली.

"‘बघू’," ती म्हणाली.

"कोणी लिहिलं हे?" थोरला फार जोरात म्हणाला.

"गुप्त आहे, बाबा." दुसरी. "‘बघू’."

टेबलाभोवती चुळबुळ झाली. तिसरी. "‘बघू’." धाकट्याच्या घशातून काहीतरी निसटले, हसू होते की ठसका, कळले नाही. चौथी उलगडून नमुना क्षणभर थांबली. तिची नजर कागदावरून उठली, सगळ्यांवरून फिरली आणि एका ठिकाणी जरा जास्त रेंगाळली.

"‘हो’," ती म्हणाली.

"वा!" चादर अर्धी खाली आली.

पाचवी. "‘बघू’."

सगळे एकदम बोलू लागले.

"बघू म्हणजे अजून ठरलेलं नाही!" जावईबापू ओरडले. "म्हणजे एक शून्य! आपण पुढे आहोत!"

"तुम्ही या घराचे जावई ना?" धाकटा म्हणाला. "‘बघू’ म्हणजे काय हे लग्नात सांगितलं नव्हतं का तुम्हाला?"

"नियमाप्रमाणे चार विरुद्ध एक," थोरली सून म्हणाली. "प्रस्ताव पडला."

सर्वांनी मोठीआईंकडे पाहिले. मोठीआईंचा चेहरा मात्र पडलेल्या नगराध्यक्षांहून चकित होता.

"थांबा," त्या म्हणाल्या. "हे चार बघू प्रस्तावाला? मग सकाळी मला जे म्हणालात ते काय होतं? ‘माझ्या बाजूने आहेस का’ असं विचारल्यावर एकेकाने मला तोंडावर ‘बघू’ सांगितलं!"

"हो ना," मधली म्हणाली. "तुझ्या बाजूने कशी असणार मी? तुला एकत्रीकरण हवंय!"

"मला?"

"आईला नकोय?" थोरला, दोन्ही बाजूंनी एकदम गोंधळलेला, बायकोकडे वळला.

"बाजू कोणती, हे मी विचारणारच होते," थोरली सून हळूच म्हणाली. "तुम्ही म्हणालात, शब्दांचा कीस नको."

"अगं पण मला हवंय, हे सांगितलं कोणी तुम्हाला?"

"तू!" चौघे एका सुरात म्हणाले.

"गेल्या रविवारी," मधली म्हणाली, "हे म्हणाले, ‘दोन्ही दुकानं एक करून टाकू या, काय आई?’ आणि तू हात पुढे करून स्पष्ट म्हणालीस, ‘बघू.’"

"बघू म्हणजे नाही! माझाच नियम आहे तो!"

"तो लोकांसाठी, आई," धाकटा म्हणाला. "तू कधी जन्मात ‘बघू’ म्हणालीस का? तू ‘नाही’ म्हणतेस आणि भिंतीचा पोपडा पडतो. तू ‘बघू’ म्हणालीस म्हणजे तुझा होकारच, असं आम्ही धरलं. मी त्याच संध्याकाळी वहिनीला सांगितलं."

"मी यांना," सून म्हणाली.

"मी हिला," थोरला बहिणीकडे बोट दाखवून म्हणाला.

"आणि मी परत ह्याला!" मधली म्हणाली.

मोठीआई डोळे मिटून गेल्या रविवारचे टेबल आठवू लागल्या. सूप. जावईबापूंचा न संपणारा आवाज. आणि शेजारी नमुना, मनगट फिरवीत, नवे घड्याळ चमकवीत.

"मोठीआई," नमुना म्हणाली आणि तिचा आवाज हसण्याने फाटला, "तू ते मला म्हणालीस! माझं घड्याळ! ‘बघू’ म्हणालीस, आणि मी काढून तुझ्या हातात दिलं!"

मग धाकटा टेबलाखाली गेला. मधली हसता हसता केकवर कोपर टेकवून बसली आणि तिला पत्ता नाही. थोरल्याला हसावे की रडावे याचा मध्य सापडेना, म्हणून तो दोन्ही करू लागला. देशात सर्वांत आधी लोकांना नीट प्रश्न विचारणाऱ्या बाईने स्वतःच्या घरी, बाजू न सांगता, बाजू विचारली होती. आणि एका मनगटी घड्याळामुळे सारी संस्था विकायला निघाली होती. शेवटी मोठीआईंचेही खांदे हलू लागले. काठी हातातून पडली, तरी त्यांना थांबता येईना.

एकटे जावईबापू चादर छातीशी धरून उभे होते.

"हसा," ते म्हणाले. "पण एक ‘हो’ निघालं! या घरात एकाचा तरी माझ्यावर विश्वास आहे! नमुना, ती चिठ्ठी दे. अक्षर ओळखतो मी."

हसणे थांबले. सगळ्यांना एकदम तोच प्रश्न पडला. मोठीआईंना आपला पूर्णविराम आठवला! त्या घरात एका शब्दापुढे पूर्णविराम देणारे दुसरे कोण होते? ते उघड झाले, तर ‘कौल’च्या मोठ्या बाईंनी घरातल्यांचे मत ऐकून आपले मत फिरवले, हे नव्या नगराध्यक्षांच्या बँडपर्यंत पोचले असते.

"दे ना गं," जावईबापूंनी हात पुढे केला. "बघू."

नमुनाने चिठ्ठीची घडी घातली. आणखी एक घातली. मग ती तोंडात टाकली, दोनदा चावली, आणि थोरल्याचा पाण्याचा पेला उचलून गटागटा प्याली.

"मतदान गुप्त असतं, आतोबा," ती म्हणाली.

त्या दिवशी केक पाटीच्याच पाठीवर कापला, कारण टेबलावर जागा उरली नव्हती. पाटी उलटी घालताना पुढची बाजू सर्वांना दिसली. जावईबापूंच्या रंगाऱ्याने ‘कौल आणि कंपनी’च्या शेजारी, इमानाने, एक लालभडक कौल काढले होते. जावईबापूंनी त्याच्याकडे पाहिले, सासूकडे पाहिले आणि केकचा पहिला तुकडा तिथल्या तिथे तोंडात कोंबला.

निघताना त्यांनी जिन्यात बायकोचा हात हातात घेतला. "तूच ना ती?" त्यांनी गहिवरून विचारले. मधली लाजून खाली बघत राहिली. तिने ना होय म्हटले, ना नाही. दारापाशी थोरल्याने त्यांच्या पाठीवर थाप मारली आणि, "कोणीतरी होतंच तुमच्या बाजूने, इतकंच सांगतो," असे म्हणून घसा खाकरला. रस्त्यावरून जावईबापूंनी वर पाहिले, तेव्हा गॅलरीतून धाकट्याने त्यांना डोळा मारला. एका मताचे असे तीन धनी झाले आणि जावईबापू शीळ घालत घरी गेले. पुढच्या रविवारी ते येणार, यात आता कोणतीही पाहणी करण्याची गरज नव्हती.

मोठीआई हे सगळे वरून पाहत होत्या. लोक पेटीत क्वचितच खोटे बोलतात; खरा गोंधळ पेटीबाहेर आल्यावर सुरू होतो, हे त्यांचे चौथे भाषण होते आणि ते अजून कोणी मागितले नव्हते.

नमुना पेल्यात पेला घालत मागे उभी राहिली.

"मोठीआई, एका शब्दापुढे पूर्णविराम कोण देतं गं?"

"ज्याला कुठे थांबायचं ते कळतं, तो," मोठीआई म्हणाल्या. मग त्यांनी वळून नातीची हनुवटी धरली आणि चष्मा सावरला.

"जीभ बघू."

नमुनाने जीभ बाहेर काढली. नानांच्या पेनाची शाई चांगल्या प्रतीची होती. ‘हो’ कुठेच उरले नव्हते. जिभेच्या अगदी मधोमध मात्र एक निळा, गोल, स्वच्छ ठिपका उमटला होता.